तक्रार नसलेली बाई

"कुणाला काही जाहीर करायचं आहे का?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांवर नजर फिरवत विचारलं.

माझ्या समोरचे एक गुबगुबीत डॉक्टर उठले. स्कॅनची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या खर्चाने ते आदल्या वर्षी परदेशातल्या परिषदेला जाऊन आले होते. तेवढं सांगून ते मुकाट्याने दाराबाहेर गेले. समितीचा नियमच होता तो. ज्या प्रश्नात आपला काही फायदा गुंतलाय, त्या प्रश्नावर बोलायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या असायच्या. तिथे बसून चहा प्यायचा आणि दार उघडायची वाट बघायची. आधीच्या बैठकीत मी अशांना 'चहावाले मेंबर' असं नाव ठेवलं होतं आणि डॉक्टर मंडळींनाही ते आवडलं होतं. त्या दिवशी मात्र मला थट्टा सुचत नव्हती. मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते, कारण पाठ टेकली की दुखायचं.

ही गोष्ट नागपूरची. स्तनाच्या कॅन्सरवर देशभर एकसारखे उपचार व्हावेत, एका गावात एक आणि दुसऱ्या गावात दुसरंच असं होऊ नये, म्हणून ही समिती बसवली होती. कुठल्या बाईला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडायचं नाही. जगभर त्यावर जे अभ्यास झालेत ते पुढ्यात घ्यायचे, पारखायचे आणि मग एकेक शिफारस लिहायची. कोलकात्यापासून कोचीपर्यंतचे डॉक्टर होते. बोलणं हिंदी-इंग्रजीत चालायचं. मी इथे सगळं माझ्या भाषेत सांगतेय. आणि या सगळ्या विद्वानांत आजार स्वतः भोगलेली बाई म्हणून एकटी मी.

आमचं उदगीरला भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या रुखवतापासून हॉटेलच्या पातेल्यांपर्यंत सगळं मिळतं. काउंटरवर मीच बसते आणि माझ्या तोंडाला लागून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. माझं ऑपरेशन सोलापूरच्या डॉ. शाहीन मुजावर यांनी केलं होतं. नंतर केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, केस गेले आणि परत आले. मुजावर मॅडम समितीत होत्या, त्यांनीच माझं नाव सुचवलं. मी विचारलं, मीच का? तर म्हणाल्या, "महानंदाताई, तुम्ही कुणाच्या बापाला घाबरत नाही म्हणून."

खरं तर दिवाळीपासून मी घाबरून गर्भगळीत झाले होते.

दिवाळीच्या आधी दुकानातल्या फळ्या झाडताना पाठीत एक कळ आली. वाटलं, हंडे उचलून लचकलं असेल. मलम चोळलं, गरम पाण्याची पिशवी लावली. पण लचक दोन दिवसांत उतरते, ही उतरेना. दोन खांद्यांच्या मध्ये जरा खाली, मणक्यावर, एका बोटाने दाखवता येईल एवढीच जागा. दिवसा गिऱ्हाइकांच्या गडबडीत निभायचं. आडवं पडलं की मात्र तिथे कुणीतरी आतून दाबतंय असं वाटायचं. दुसऱ्या एखाद्या बाईने वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. मला ते जमेना, कारण त्या समितीत बसून मला नको तेवढं कळलं होतं. हा आजार उलटला की पुष्कळदा हाडांत जातो, आणि पाठीच्या मणक्याला त्याची पसंती जास्त, हे मी याच टेबलाशी ऐकलं होतं. त्या दिवशी तर मी त्यावर दोन हुशार प्रश्नही विचारले होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आणि नागपूरच्या बैठकीचा विषय कळला तेव्हा मला देव पावल्यासारखं वाटलं.

पडद्यावर प्रश्न आला. डॉ. कुरियन नावाचे एक तरुण डॉक्टर होते. सगळे अभ्यास वाचून त्यांचं सार मांडण्याचं काम त्यांचं. त्यांनी प्रश्न वाचला: उपचार पूर्ण झालेल्या आणि काही तक्रार नसलेल्या बाईचा दर वर्षी हाडांचा आणि पोटाचा स्कॅन करावा का?

करावा, मी मनात म्हटलं. दर वर्षी करावा, नेमाने करावा, आणि पहिला माझा करावा.

कुरियन शांतपणे सांगत गेले. काही देशांत हा अभ्यास झाला होता. उपचार संपलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचे नेमाने स्कॅन, छातीचे फोटो, रक्ताच्या तपासण्या. दुसऱ्या गटाला डॉक्टरांनी हाताने तपासायचं, वर्षाकाठी मॅमोग्राम करायचा आणि काही तक्रार आहे का ते विचारायचं. वर्षांमागून वर्षं गेली. पहिल्या गटात आजार परतल्याचं थोडं आधी कळलं. पण बायका जगल्या तेवढ्याच. दोन्ही गटांत सारख्याच.

"म्हणून शिफारस अशी," कुरियन म्हणाले, "तक्रार नसेल तर स्कॅन करू नये."

माझा ताबा सुटला. मी बोलायला लागले, आणि दुकानात बोलते तशीच बोलले. तुमचे कागद तुमच्यापाशी, म्हटलं. बाई रोज सकाळी उठते ती एकच विचार घेऊन, आलं का परत? वर्षातून एकदा फोटो काढून तिला 'काही नाही' म्हणून सांगितलं तर तुमच्या खिशातलं काय जातं? स्टोव्ह विकणारासुद्धा वर्षाने सर्व्हिसिंगला ये म्हणतो. तुम्ही बाईला एवढं कापून, भाजून घरी पाठवता आणि मग म्हणता, दुखलं तर ये?

मुजावर मॅडम मला समजावू लागल्या. स्कॅनमध्ये साधा संधिवातसुद्धा डाग म्हणून दिसतो, म्हणाल्या. मग सुया घालून तुकडे काढायचे, निकालाची वाट बघायची, बाई आठवडेच्या आठवडे मेल्यासारखी जगते आणि शेवटी निघतं काहीच नाही. मी म्हटलं, मेल्यासारखी का होईना, जगते ना. यावर कुणी हसलं नाही.

पण माझं बोलणं लागू पडलं होतं. दोन-तीन डॉक्टर चुळबुळायला लागले. पेशंटलाच हवं असेल तर आपण एवढं ठाम का लिहायचं, एक जण म्हणाले. 'करायला हरकत नाही' असं लिहू या, दुसरे म्हणाले. अध्यक्षबाई, डॉ. इंद्राणी भौमिक, पांढऱ्या केसांच्या आणि करड्या शिस्तीच्या. त्या म्हणाल्या की जेवणानंतर मत घेऊ, आणि महानंदाताईंच्या मताला इथे वजन आहे हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. गिऱ्हाईक पटलं की मला त्याच्या डोळ्यांत दिसतं. इथे तर निम्मं टेबल पटलं होतं.

जेवायला बाहेर आले तर आमचे हे ताट घेऊन उभेच. हे म्हणजे माझे यजमान, मन्मथ. मला एकटीला कुठे पाठवायचं नाही म्हणून प्रत्येक बैठकीला बरोबर यायचे आणि दिवसभर अतिथीगृहाच्या आवारात गप्पा मारत बसायचे. तोपर्यंत त्यांनी स्वयंपाक्यापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांची गावं, पाव्हणे-रावळे काढून ठेवले होते. माणूस लाघवी. मी आजारी पडले तेव्हापासून माझ्या आजाराविषयी बोलायचं खातंही त्यांनीच घेतलं होतं. गोळ्या कुठल्या, कधी, केमोची तारीख कोणती, सगळं तोंडपाठ. दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याकडे बघून काही विचारलं की उत्तर ह्यांच्याकडून यायचं, आणि मी मान हलवायची. काउंटरवर जी बाई कुणाला बोलू देत नाही ती डॉक्टरांच्या खोलीत मुकी होऊन बसायची. मला त्यात सोयच वाटायची.

मुजावर मॅडम ताट घेऊन आमच्याजवळ आल्या. सकाळची खडाजंगी मिटवावी म्हणून असेल, त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात नेमका तिथेच पडला. मी अंग चोरलं, ताटातली आमटी कलंडली.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पाठ दुखतेय का?" त्यांनी विचारलं.

"छे ओ मॅडम," हे लगेच म्हणाले. "सकाळधरनं बसून बसून अवघडली हाय. बाकी काही त्रास नाही. एकदम फस्ट क्लास."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

जेवण मला गेलं नाही. हे ताटात वाढत होते, मी भाताचे ढीग इकडून तिकडे करत होते. थोड्याच वेळात मी होकाराचं हिरवं कार्ड वर करणार होते, मग दर वर्षीचा स्कॅन लागू होणार होता. पुढच्या तपासणीला मॅडम स्वतःच म्हणणार होत्या, चला, नियमच आहे. मी यंत्रात जाऊन झोपायचं, आणि जे काय असेल ते यंत्राने सांगायचं. पण हे सगळं होईपर्यंत आणखी किती महिने जातील, आणि तोवर पाठीतलं ते दुखणं काय करत बसेल, हे मनातून जात नव्हतं.

आम्ही परत आत गेलो. प्रत्येकापुढे एक हिरवं आणि एक लाल कार्ड ठेवलं होतं. मताआधी अध्यक्षबाईंनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, "कुणाला काही जाहीर करायचं आहे का?"

पडद्यावर तोच प्रश्न होता. मी तो सकाळपासून कितीदा तरी वाचला होता, पण त्या वेळी त्यातले तीन शब्द डोळ्यांत घुसले. तक्रार नसलेल्या बाईचा. मी तक्रार नसलेली बाई नव्हतेच. मी तिच्या नावावर माझं काम करून घ्यायला बसले होते. दुकानात कुणी काटा मारला तर मी त्याच्या चार पिढ्या काढते, आणि इथे देशभरच्या बायकांच्या तराजूला मीच अंगठा लावून बसले होते. कुणातरी धडधाकट बाईला माझ्यामुळे खोट्या डागापायी सुया खाव्या लागणार होत्या. तरी मी गप्प बसले असते. खरंच बसले असते, इतकी मला भीती वाटत होती. पण त्याच वेळी पाठीतून एक कळ अशी काही आली की माझा श्वास अडकला, आणि हात आपोआप वर गेला.

अध्यक्षबाईंना वाटलं मला पाणी हवंय.

"मला जाहीर करायचंय," मी म्हटलं. "माझी पाठ दुखतेय. दिवाळीपासून. मणक्यावर."

मुजावर मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कुणाला सांगितलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आत्ता तुम्हाला."

"यजमानांना?"

"नाही."

"तुम्ही तर आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारता. मग हे का नाही सांगितलं?"

मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी म्हटलं, "तोंडाने म्हटलं की ते खरं होतं, मॅडम. स्कॅन दर वर्षी नेमानेच होत असता तर मला काही बोलावंच लागलं नसतं. यंत्र बोललं असतं. म्हणून हवा होता मला स्कॅन. तुमच्या अभ्यासाशी माझं काही भांडण नाही."

डॉ. कुरियन गोंधळून गेले होते. ते म्हणाले, पण दर भेटीत विचारायचं असतंच की. त्या अभ्यासांत सगळ्या बायकांना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं, म्हणून तर स्कॅनवाचून भागलं.

"मी विचारते," मुजावर मॅडम हळूच म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "दिवाळीनंतर त्या आल्या होत्या तेव्हाही विचारलं. उत्तर यजमानांनी दिलं. दर वेळी तेच देतात. आत्ता जेवताना विचारलं तेव्हाही त्यांनीच दिलं आणि मी ते घेतलं."

मग टेबलावरचे एकेक जण बोलू लागले. आमच्याकडे मुलगा सांगतो, एक म्हणाले. आमच्याकडे सासू, दुसऱ्या म्हणाल्या, आणि बाई पदराआडून बघत बसते. बाहेर एवढी रांग असते की कुणीतरी पटकन 'ठीक आहे' म्हणालं की आम्हालाही बरंच वाटतं, असंही एक जण म्हणाले. कुरियन आपल्या कागदांकडे बघत राहिले. त्यांच्या अभ्यासांत काही चूक नव्हती. फक्त त्या देशांतल्या बाया डॉक्टरांपुढे एकट्या बसल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी टेबलावर टिचकी मारून सगळ्यांना गप्प केलं. मला वाटलं, आता मला धीराचे दोन शब्द सांगतील. त्या म्हणाल्या, "महानंदाताई, नियम सगळ्यांना सारखा. या प्रश्नात तुमचा जीव गुंतलाय. तुम्ही बाहेर बसा." मग म्हणाल्या, "शाहीन, तू मत देऊन लगेच हिच्याकडे जा."

मी उठले. दारापर्यंतचं अंतर संपता संपेना, कारण बाहेर हे होते आणि त्यांना सांगणं हे आत सांगण्यापेक्षा अवघड होतं.

व्हरांड्यात ते गुबगुबीत डॉक्टर चहा पीत बसले होते. मला बघून ते उठले आणि काही न विचारता बागेच्या बाजूला निघून गेले. आमचे हे लगबगीने आले.

"तुला कामून बाहेर काढलं? भांडलीस का काय?"

"बसा जरा," मी म्हटलं. "माझी पाठ दुखायलीय. अवघडून नाही. दिवाळीपासनं दुखायलीय."

"काही बी बोलू नकोस," हे म्हणाले. "हंडे उचलतीस, गोण्या सरकवतीस, मग पाठ दुखंल नाहीतर काय व्हईल? मी कितींदा म्हणलं, कामाला माणूस ठेवू."

"तसं दुखणं नाही हे."

"तुला काय कळतंय? तू काय डॉक्टर हायस?" त्यांचा आवाज चढला. हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. "चार दिवस त्या लोकांत बसलीस अन् रोग चिकटवून घ्यायलीस अंगाला. मलम आणतो मी. गावात दुकान असंल."

ते खरंच निघाले. पायऱ्यांपर्यंत गेले आणि तिथेच खांबाला धरून उभे राहिले. मी हाक मारली नाही. आता दोघांनाही माहीत होतं, आता ते लपवायला जागा नव्हती.

दार उघडलं आणि मुजावर मॅडम आल्या. स्कॅन दर वर्षी करू नये, अशीच शिफारस झाली होती. पण त्याखाली एक वाक्य नव्याने घातलं होतं. दर भेटीत बाईला तिच्या तक्रारी तिला एकटीला विचाराव्यात, बरोबरच्या माणसाला बाहेर बसवून. कुरियननी त्यावर एकच आक्षेप घेतला म्हणे, की याला अभ्यासाचा आधार नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, तसंच लिहा. आधार कच्चा आहे, शिफारस पक्की आहे.

मला त्या वेळी शिफारशीचं काही सोयरसुतक नव्हतं. मॅडमनी मला शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं. हे मागोमाग आत यायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "मन्मथराव, तुम्ही इथेच थांबा." आणि दार लावून घेतलं.

त्यांनी मला पालथं झोपवलं आणि मानेपासून एकेक मणका बोटांनी ठोकत खाली आल्या. त्या जागी पोचल्या तेव्हा मी उशीत तोंड दाबून ओरडले. त्या थांबल्या. मग विचारू लागल्या आणि उत्तराची वाट बघू लागल्या. रात्री वाढतं का? वाढतं. खोकलं की कळ येते का? येते. पायाला मुंग्या?

डाव्या पायाचं मी माझ्याशीसुद्धा बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात दुकानाची पायरी उतरताना तो पाय आपला नव्हेच असा मऊ पडला होता, आणि मी चप्पल नीट नव्हती म्हणून स्वतःची समजूत घातली होती.

"डाव्या पायाला," मी म्हटलं.

मॅडमनी मला तशीच पडून राहायला सांगितलं. त्यांनी तिथूनच दोन-तीन फोन लावले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी नागपुरातल्या एका इस्पितळात त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात पडलेली होते. सकाळी ज्या यंत्रासाठी भांडले, त्यात डोळे मिटून मी एकच घोकत होते की त्याला काही दिसू नये. आयुष्यात मी एवढी कधी भ्याले नव्हते. ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

डाग निघाला. एकच होता, पण मणका आतून पोखरला गेला होता आणि त्याचा फुगवटा मज्जारज्जूला टेकत होता. मॅडमनी मला फोटो उजेडावर धरून दाखवला. उद्या सकाळीच शेक सुरू करायचे, म्हणाल्या, एक दिवसही थांबायचं नाही. आणखी काही आठवडे असेच गेले असते तर पाय गेले असते. कायमचे.

"दिवाळीत स्कॅन झाला असता तर मी जास्त जगले असते का?" मी विचारलं. "खरं सांगा."

"जगण्याचं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी स्कॅन दर वर्षी करायला नको होता. तुम्ही दुखतंय म्हणाला असता तर मी त्याच दिवशी केला असता. एवढे महिने तुम्ही जे सोसलंत ते वाचलं असतं."

त्यांनी हे माझ्यावर दोष ठेवून म्हटलं नाही. तुम्ही दवाखान्यात आलात त्या दिवशी मीच दार लावून घ्यायला हवं होतं, एवढंच त्या पुढे म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

हे बाहेर बाकावर होते. मलमाची ट्यूब हातात होती. मधल्या वेळात खरंच जाऊन आणली होती त्यांनी. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. एक शब्द चोरला नाही. पाय जाऊ शकले असते, तेही सांगितलं.

हे समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

"काय?"

"दुखायलंय ते. दिवाळीपासनंच. तू झोपेत कण्हायचीस. कूस बदलायला लागली की उशी तोंडावर धरायचीस. मी जागाच असायचो."

"मग डॉक्टरला फस्ट क्लास कामून सांगत होता?"

"तुला वाटलं असतं, ह्यांना बी दिसायलंय, म्हणजे खरंच हाय. तुझा धीर गेला असता." ट्यूबचं झाकण ते उघडत होते आणि लावत होते. "तू काही बोलंनास. मग मी कसं बोलू?"

मला त्यांचा संताप यायला हवा होता. थोडा आलाही. रात्र रात्र एका अंथरुणात दोघं जागे, आणि दोघं झोपेचं सोंग घेऊन. पण त्यांच्या हाताकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या आजारात गोळ्या, तारखा, डॉक्टरांची नावं, एवढं सगळं हा माणूस बोलला, त्यात स्वतःविषयी एक अक्षर नव्हतं. दवाखान्यात कुणी त्यांना विचारलं नव्हतं. घरी मीही नाही.

"अन् तुम्हाला?" मी म्हटलं. "तुम्हाला काय व्हायलंय?"

"मला काय धाड भरलीय," ते सवयीने म्हणाले. "मी एकदम..."

पुढचं त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. व्हरांड्यातून नर्सा जात-येत होत्या, समोरच्या बाकावर दुसरी माणसं बसली होती. आमच्यात बायकोला चारचौघांत नावाने हाक मारत नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांनी मला 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवरच निभावून नेलं होतं.

"भ्या वाटायलंय, महानंदा," ते म्हणाले. "लई भ्या वाटायलंय."

"मलाबी," मी म्हटलं.